वाफा तयार आहे, पण पेरायचे कधी?

आपल्याकडे मशागत म्हटली की डोळ्यांपुढे वैशाख येतो. रब्बीचे पीक निघाल्यावर जमीन नांगरून ठेवायची, ढेकळे उन्हात तापू द्यायची, मग वखराच्या पाळ्या घालायच्या, शेणखत पसरायचे आणि आभाळाकडे डोळे लावून बसायचे. ऊन भरपूर असते, उणीव असते ती पाण्याची.

इंग्लंडमधल्या माळ्याचा असा ‘वैशाख’ फेब्रुवारी-मार्च महिन्यांत असतो. त्याच्या जमिनीत पाणी हवे त्यापेक्षा जास्तच असते, उणीव असते ती उबेची. आपण पावसाची वाट पाहतो, तो उन्हाची. मात्र दोघांपुढचा प्रश्न एकच असतो. वाफा तयार आहे, बी घरात आहे, आता पेरायचे कधी? घाई केली तर बी वाया जाते आणि फार थांबले तर हंगाम हातचा जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता अठराव्या शतकातल्या काही माणसांनी निरीक्षणाची एक नवी शिस्त घडवली. तिचा इतिहास आपण या लेखात पाहू. तो शेवटी आपल्या मृग नक्षत्रापर्यंत येऊन पोहोचतो.

थांबण्याच्या दिवसांतले काम

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर परगण्यात सेलबोर्न नावाचे खेडे आहे. गिल्बर्ट व्हाइट (१७२०-१७९३) हे धर्मोपदेशक तिथे राहत. सेलबोर्नच्या निसर्गावरचे त्यांचे पुस्तक १७८९ साल घालून प्रसिद्ध झाले आणि पुढे निसर्गलेखनाचा आदर्श ठरले. पण त्याच्या कितीतरी आधी, १७५१ साली, व्हाइट यांनी एक साधी वही सुरू केली होती. आज काय पेरले, काय उगवले, कशाला थंडी लागली, वाफ्यात किती खत घातले अशा नोंदी तिच्यात आहेत. या वहीला ते ‘बागेची दिनदर्शिका’ म्हणत.

सेलबोर्नच्या मुख्य रस्त्याने गावाच्या जमिनीचे दोन अगदी निराळे भाग पडतात, असे व्हाइट सांगतात. एका बाजूला भुसभुशीत, लवकर तापणारी काळसर माती, तर दुसऱ्या बाजूला चिवट चिकणमाती. ही चिकणमाती मऊ करायला वर्षानुवर्षे खपावे लागे. व्हाइट यांची बाग होती ती चिकणमातीच्या बाजूला.

एकाच गावात, एकाच उन्हाखाली एक माती लवकर तापते आणि दुसरी उशिरा, असे का व्हावे? याचे उत्तर पाण्यात आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला एक कॅलरी उष्णता लागते. कोरड्या मातीतल्या खनिजांना त्याच्या सुमारे एक-पंचमांश उष्णता पुरते. शिवाय ओल्या मातीतून पाण्याची वाफ होत राहते आणि दर ग्रॅममागे जवळजवळ ६०० कॅलरी घेऊन जाते. म्हणून पाणी धरून ठेवणारी चिकणमाती ‘थंड’ राहते. वसंताच्या तोंडावर माळी चर खणतो, वाफे उंच करतो, माती उलथून मोकळी करतो. यांतल्या प्रत्येक कामाने जास्तीचे पाणी निघून जाते, आणि पाणी गेले की तेवढ्याच उन्हात माती अधिक तापते.

थंडीचाही त्याला एक उपयोग होतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. शरद ऋतूत खणून ठेवलेल्या ढेकळांमधले पाणी हिवाळ्यात गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि ढेकळे आतून फुटतात. वसंतात त्यांवर दाताळे फिरवले की भुगा होतो. आपल्या काळ्या जमिनीत हेच काम उन्हाळा करतो. वाळताना ही माती आकसते, तिला भेगा पडतात आणि पहिल्या सरीने ढेकूळ विरघळते. तिथे हिम आणि इथे ऊन, पण नांगरट आधीच करून ठेवण्यामागचे कारण एकच आहे.

विकत न मिळणारी ऊब

मात्र काकडी आणि खरबुजासारख्या वेलींना एवढ्याने भागत नाही. वाटाण्याचे बी मातीचे तापमान ५ अंशांच्या आसपास असतानाही हळूहळू रुजते. काकडीला १५ अंशांच्या आसपास तरी ऊब हवी. इंग्लंडमध्ये एवढी ऊब येईपर्यंत थांबले, तर फळ पिकायला उन्हाळा पुरत नाही. म्हणून ऊब तयार करावी लागे.

ही युक्ती जुनी आहे. रोमन सम्राट टायबेरियस (कारकीर्द इसवी सन १४ ते ३७) याला काकडीसारखे एक फळ रोज लागे. त्यासाठी चाकांवर वाफे केले होते. ते दिवसा उन्हात ढकलत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांच्या आडोशाला आणत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे.

व्हाइट यांच्या काळी पारदर्शक दगडाची जागा काचेने घेतली होती आणि उबेसाठी घोड्याची लीद होती. गवताच्या काडीत मिसळलेली ताजी लीद रचून ढीग केला, की त्यातले सूक्ष्मजीव ती कुजवू लागतात आणि ढीग आतून तापतो. त्याचे तापमान ६० अंशांपर्यंतही जाऊ शकते. एवढ्या उष्णतेत बी भाजून निघेल. म्हणून पहिली धग ओसरेपर्यंत थांबायचे, मग वर मातीचा थर द्यायचा, भोवती लाकडी चौकट आणि वर काचेचे झाकण ठेवायचे. अशा वाफ्याला इंग्रज माळी हॉटबेड म्हणतात, आपण त्याला ‘उबेचा वाफा’ म्हणू. व्हाइट यांच्या वहीत खरबूज आणि काकडीच्या अशा वाफ्यांची वर्णने वर्षानुवर्षे येतात. त्यांसाठी गाड्या भरभरून लीद आणावी लागे.

ढीग जास्त तापला तर मुळे करपत, लवकर निवाला तर रोप आखडे. सूक्ष्मजीवांमुळे कुजण्याची क्रिया होते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. त्यामुळे ढिगात हात किंवा काठी खुपसून पाहणे, काय झाले ते लिहून ठेवणे आणि पुढच्या वर्षी सुधारणे एवढाच मार्ग होता. वहीचे महत्त्व इथे कळते. लीद कधी रचली, माती कधी टाकली, रोप कधी तगले हे लिहिलेले नसेल, तर वर्षभराने ते कोणाला आठवणार?

अकरा दिवस कुठे गेले?

उघड्या वाफ्यात पेरायचे दिवस मात्र बहुतेक माळी परंपरेने ठरवत. जॉन एव्हलिन यांनी १६६४ साली महिनावार कामे सांगणारे माळ्यांचे पंचांग छापले होते. अमुक संताच्या दिवशी अमुक पेरावे, असे संकेत तर खेडोपाडी होतेच. गुड फ्रायडेला बटाटे लावण्याची चाल इंग्लंड-आयर्लंडमध्ये पुष्कळ ठिकाणी होती. पण गुड फ्रायडे हा सण चंद्रावर अवलंबून असल्याने तो २० मार्च ते २३ एप्रिल यांमध्ये कधीही येतो. दोन टोकांच्या तारखांत ३४ दिवसांचे अंतर! जमिनीची ऊब चंद्राच्या कलांप्रमाणे चालत नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी हा मुहूर्त साधे आणि एखाद्या वर्षी चुके.

व्हाइट यांच्या वहीच्या दुसऱ्याच वर्षी तारखांवरचा विश्वास हलवणारी घटना घडली. इंग्लंडमध्ये तोवर जुने जूलियन कॅलेंडर चालू होते. त्यात दर चार वर्षांनी न चुकता एक लीप वर्ष येई. त्यामुळे वर्षाची सरासरी लांबी खऱ्या ऋतुवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी जास्त भरे. ही मिनिटे साठत साठत अठराव्या शतकापर्यंत सुधारलेल्या ग्रेगोरियन कॅलेंडरमागे ११ दिवस पडले. ते भरून काढण्यासाठी कायदा झाला आणि १७५२ साली २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर म्हणून मोजला गेला.

आता एखाद्या माळ्याला आजोबांनी १५ फेब्रुवारीला पेरायला सांगितले असेल, तर त्याने काय करावे? नवी १५ फेब्रुवारी म्हणजे जुनी ४ फेब्रुवारी. तारीख तीच पाळली, तर बी ११ दिवस आधी, अधिक थंड जमिनीत पडणार.

लोकांनी हा वाद एका झाडापुढे नेला. बकिंगहॅमशायर परगण्यातल्या क्वेंटन गावी एक काटेरी झाड होते. ते नाताळच्या सुमारास फुलते अशी श्रद्धा होती. २४ डिसेंबर १७५२ च्या रात्री दोन हजारांहून अधिक माणसे कंदील आणि मेणबत्त्या घेऊन त्या झाडाभोवती जमली, असे वृत्त त्या वेळच्या मासिकात आले आहे. झाडावर कळीही दिसली नाही. तेव्हा नवी तारीख खोटी, असे ठरवून लोकांनी दुसऱ्या दिवशी नाताळ पाळायचे नाकारले.

ही हकीकत अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कॅलेंडर खरे की खोटे हे झाडाला विचारावे, असे त्या माणसांना वाटले. झाडाला नाताळचा दिवस कळतो हा त्यांचा समज चुकीचा होता. पण झाडाला ऋतू कळतो, हे मात्र खरे होते.

सजीवांचे पंचांग

हीच गोष्ट त्या सुमारास काही अभ्यासक शिस्तीने करू लागले होते. स्वीडनमध्ये कार्ल लिनिअस यांनी सुचवले, की कोणत्या झाडाला कधी पालवी फुटते याच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्यांवरून बार्लीच्या पेरणीची वेळ ठरवावी. त्यामागची कल्पना सोपी होती. झाडाची पालवी आणि जमिनीतले बी या दोघांनाही त्या वर्षीची ऊब सारखीच मिळते. म्हणून पालवी हा त्या वर्षीच्या उबेचा निरोपच आहे.

इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यातले जमीनदार रॉबर्ट मार्शम (१७०८-१७९७) यांनी तर १७३६ पासूनच ‘वसंताच्या खुणा’ लिहायला सुरुवात केली होती. स्नोड्रॉपचे पहिले फूल, हॉथॉर्न आणि ओकची पहिली पाने, बेडकांचे ओरडणे, पाकोळ्यांचे आगमन, कुकू पक्ष्याची पहिली हाक अशा २७ खुणांच्या तारखा ते दरवर्षी टिपत. या नोंदी १७८९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या गेल्या. उतारवयात मार्शम आणि व्हाइट यांचा पत्रव्यवहारही झाला.

व्हाइट यांच्याकडे एक आगळी खूणही होती. ती म्हणजे त्यांच्या आत्याबाईंचे कासव. १७८० च्या मार्चमध्ये त्यांनी ते जमिनीतून उकरून काढले आणि मातीसह पेटीत घालून घोडागाडीने सुमारे १३० किलोमीटरवरून सेलबोर्नला आणले. प्रवासाच्या धक्क्यांनी जागे झालेले कासव बागेत दोन फेऱ्या मारून आले आणि संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा मातीत शिरले. कॅलेंडरप्रमाणे वसंत आला होता, कासवाच्या मते मात्र नाही.

उन्हाची बेरीज

अशा खुणांना आकड्यांची जोड फ्रान्समध्ये मिळाली. तापमापक तेव्हा नवे होते. फॅरनहाइट यांनी पाऱ्याचा तापमापक १७१४ च्या सुमारास तयार केला होता. १७३५ साली रेने रेओम्यूर यांनी एक वेगळाच विचार मांडला. पिकाला एका दिवसाचे तापमान महत्त्वाचे नसते. रोजच्या तापमानांची बेरीज ठरावीक आकड्यापर्यंत पोहोचली, की पीक पुढच्या अवस्थेत जाते. ज्या वर्षी वसंत थंड असतो, त्या वर्षी बेरीज सावकाश भरते आणि कापणी लांबते.

आजचे शेतीशास्त्र ही कल्पना ‘उष्मांक-दिवस’ किंवा ‘अंश-दिवस’ म्हणून वापरते. समजा, एका पिकाची वाढ ५ अंशांखाली थांबते. आज कमाल तापमान १४ आणि किमान ६ अंश आहे. सरासरी १० आली. त्यातून ५ वजा केले की आजची कमाई झाली ५ अंश-दिवस. अशी रोजची कमाई जमवत जायची. मार्शम यांचा ओक वृक्ष आणि लिनिअस यांची पालवी जवळपास हाच हिशेब करत होती, असे म्हणता येईल.

पण बेरजेने सगळे कळत नाही. डिसेंबर १७८४ च्या कडाक्याच्या थंडीत व्हाइट यांना आढळले, की उंचावरच्या शेजारच्या न्यूटन गावापेक्षा खाली दरीतल्या सेलबोर्नमध्येच थंडी अधिक आहे आणि झाडांची हानीही अधिक झाली आहे. कारण निरभ्र रात्री जमीन उष्णता बाहेर टाकते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून वाहत सखल भागात साचते. महाबळेश्वरला थंडीच्या लाटेत हिमकण दिसतात ते वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात. बाजारपेठेत तेव्हा तेवढी थंडी नसते.

वसंत लवकर येऊ लागला तेव्हा

मार्शम यांच्या पुढच्या पिढ्यांनी, मधली काही वर्षे वगळता, १९५८ पर्यंत या नोंदी चालू ठेवल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या, तेव्हा उबदार हिवाळ्यानंतर पालवी किती लवकर येते याचा दीर्घ पुरावा त्यांच्या हाती लागला. जपानमध्ये क्योटो शहरातल्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापासूनच्या आहेत. २०२१ साली २६ मार्चला आलेला बहर तोवरच्या सुमारे १२०० वर्षांतला सर्वांत लवकरचा ठरला. हवामान बदलत आहे हे तापमापक सांगतात, आणि तापमापक नव्हते त्या काळाशी तुलना करायला अशा वह्या उपयोगी पडतात.

वसंत लवकर आला तर माळ्याचे फावले, असे वाटेल. २०२१ च्या मार्चअखेर फ्रान्समध्ये असामान्य उबदार दिवस आले आणि द्राक्षवेलींना लवकर कोंब फुटले. पाठोपाठ एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडक हिम पडले आणि कोवळे कोंब जळून मोठे नुकसान झाले. सरासरी ऊब वाढली तरी एखादी गोठवणारी रात्र यायची राहत नाही. म्हणजे सजीवांची खूणही फसू शकते. त्या वेलींनी आतापर्यंतच्या उबेची बेरीज बरोबर केली होती, पण पुढचे हवामान त्यांना कसे कळावे?

मृगाची गोष्ट

आता आपल्या शिवाराकडे वळू. मृग नक्षत्र लागले की पेरणी, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा संकेत. सूर्याचा मृगप्रवेश हल्ली ७-८ जूनला होतो. ही तारीख सूर्याच्या ताऱ्यांमधल्या स्थानावरून ठरते. ऋतू मात्र पृथ्वीच्या आसाच्या कलण्यावरून ठरतात. हा आस अतिशय मंद गतीने फिरतो, त्यामुळे नक्षत्रे आणि ऋतू यांत सुमारे ७२ वर्षांनी एक दिवसाचे अंतर पडते. पंधराशे वर्षांत हे अंतर जवळजवळ तीन आठवड्यांचे होते. मकर संक्रांत १४ जानेवारीला येते, पण सूर्याचे खरे उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, ते याचमुळे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीपुढे हाच २३ दिवसांचा प्रश्न होता. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. इंग्लंडचे अकरा दिवस आणि आपले तेवीस, दोन्हींचे मूळ कालगणना ऋतूंपासून सरकण्यातच आहे.

सजीवांचे पंचांग आपल्याकडेही आहे. पावशा ओरडू लागला, की तो ‘पेरते व्हा’ असे सांगतो, असे आपण म्हणतो. बहावा फुलला, की पाऊस जवळ आला, असा समज आहे. या खुणा हंगामाची चाहूल देतात. मात्र उद्यापासून पंधरा दिवस पाऊस उघडीप देणार आहे का, हे पावशाला सांगता येत नाही.

वळवाच्या किंवा पहिल्या सरीवर पेरले आणि पुढे पाऊस दडला, तर कोंब करपतात आणि दुबार पेरणीची वेळ येते. बी, खत, मजुरी यांचा खर्च पुन्हा करायचा, आणि तोही बहुधा उसनवारीने. फ्रान्समधल्या द्राक्षबागांइतकीच ही हानी खरी आहे. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज आणि जमिनीत पुरेशी ओल आल्याखेरीज पेरू नका, असा सल्ला कृषी विभाग देतो. हा सल्ला नीट पाहिला, तर त्यात तारीख नाही. त्यात बेरीज आहे आणि जमिनीची अवस्था आहे. रेओम्यूर यांनी उबेची बेरीज केली, इथे पावसाची करायची.

या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पंचांग असो की कॅलेंडर, त्यातला दिवस आपल्याला तयारीला लावतो, आणि ते त्याचे मोठे काम आहे. पण पेरणीचा निर्णय जमिनीकडे पाहून घ्यायचा असतो. त्यासाठी मोजावे लागते आणि मोजलेले लिहून ठेवावे लागते.

वर्गात काय करता येईल?

शाळेच्या आवारातले एक झाड निवडावे. बहावा, कडुनिंब, आंबा, काहीही चालेल. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी कोवळी पाने, कळ्या, फुले, फळे आहेत का आणि किती, याची नोंद मुलांनी करावी. भारतात २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात केरळमधल्या अनेक शाळांनी अशाच नोंदी केल्या आहेत.

दुसरा प्रयोग मातीचा. दोन सारख्या कुंड्यांत एकच माती भरावी. एक कुंडी ओली ठेवावी, दुसरी कोरडी. दोन्ही उन्हात ठेवून दर अर्ध्या तासाने ५ सेंटिमीटर खोलीवरचे तापमान घ्यावे. व्हाइट यांच्या गावातला रस्त्याच्या दोन बाजूंचा फरक मुलांना आपल्या हातांनी मोजता येईल.

तिसरे काम जूनसाठी. सरळ बाजूंच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून पहिल्या सरीपासून रोजचा पाऊस आणि त्याची बेरीज फळ्यावर लिहावी. बेरीज ७५ मिलिमीटरवर कोणत्या तारखेला गेली आणि गावात पेरण्या कधी झाल्या, हे मुलांनी घरी विचारून शेजारी लिहावे. वही मात्र शाळेतच जपून ठेवावी आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्यावी. एका वर्षाच्या नोंदीने फारसे कळणार नाही, दहा वर्षांच्या नोंदींतून गावाचा हंगाम दिसू लागेल.